एचएमआयचा ॲड्रेस मॅप: स्क्रीन काढण्याआधीचं काम

नवीन एचएमआय, म्हणजे मशीन चालवायचा टच स्क्रीनचा पॅनेल, टेबलावर आला की बहुतेकांचा हात आधी स्क्रीनच्या डिझाइनकडे वळतो. मोटरचं चित्र, हिरवी-लाल बटणं, कोपऱ्यात लोगो. ॲड्रेस काय, पीएलसीत (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) मेमरीतला जो मोकळा दिसेल तो टाकायचा! पंचवीस-तीस टॅगपर्यंत (टॅग म्हणजे नाव दिलेली एकेक किंमत) हे खपून जातं. शंभरी ओलांडली की एकाच रजिस्टरवर दोन कामं बसलेली सापडतात, वीज जाऊन आल्यावर मोटर आपोआप फिरू लागते आणि स्क्रीन उघडायला दोन-दोन सेकंद लागतात. ॲड्रेस देताना "मोकळा आहे का?" एवढंच पाहिलं की असं होतं. त्याआधी विचारायचा प्रश्न दुसराच आहे: या ॲड्रेसवर लिहिणार कोण?

उदाहरणासाठी एक साधं मशीन घेऊ. हीटर लावलेली मिक्सिंग टाकी, एक ढवळणारी मोटर, तीन व्हॉल्व्ह, तापमान आणि लेव्हलचे सेन्सर. पीएलसी मित्सुबिशी एफएक्स३यू धरू, कारण डी (१६ बिटांची रजिस्टरं) आणि एम (सुटे बिट) ही भाषा बऱ्याच जणांना ओळखीची आहे. तुमचा पीएलसी वेगळा असेल तर अक्षरं आणि हद्दी बदलतील, पद्धत हीच राहील.

पायरी १: आधी यादी, नंबर नंतर

एक्सेलची शीट उघडा आणि ॲड्रेसचा रकाना तूर्त रिकामा ठेवा. प्रत्येक टॅगसाठी लिहा: नाव, बिट की १६ बिट की ३२ बिट, एकक आणि दशांश, किमान-कमाल मर्यादा, कोण लिहिणार, वीज गेल्यावर किंमत टिकायला हवी का, कोणत्या स्क्रीनवर दिसणार. शेवटचे तीन रकाने लोक हमखास गाळतात, आणि नंबर ठरतात ते त्यांच्यावरूनच.

नावात मशीनचा भाग आधी, राशी नंतर, प्रकार शेवटी ठेवला की शीट सॉर्ट करताच टाकीचे टॅग टाकीजवळ आणि मोटरचे मोटरजवळ येतात. "टेम्प१", "टेम्प२नवीन" असली नावं सहा महिन्यांनी ठेवणाऱ्यालाही कळत नाहीत.

पीएलसी आणि पॅनेल एकाच सॉफ्टवेअरमध्ये असतील आणि टॅग नावानेच जोडता येत असतील, तर नंबरांची कटकट बरीच कमी होते. तरीही कोण लिहिणार आणि काय टिकणार हे दोन रकाने भरावेच लागतात. ते काम सॉफ्टवेअर करत नाही.

पायरी २: एका वर्डला एकच लिहिणारा

या लेखातली एकच गोष्ट करायची ठरवलीत तर ही करा.

समजा डी ५० या वर्डमध्ये, म्हणजे १६ बिटांच्या रजिस्टरमध्ये, बिट ० हा एचएमआयवरचा स्टार्ट आहे आणि बिट ५ पीएलसी "टाकी भरली" म्हणून ऑन करतो. ऑपरेटरने स्टार्ट दाबला. पुष्कळ प्रोटोकॉलमध्ये रजिस्टरमधला एक सुटा बिट लिहिण्याची सोय नसते, म्हणून एचएमआय आधी पूर्ण वर्ड वाचतो, समजा ० मिळाला. त्यात बिट ० ऑन करून तो १ ही किंमत परत पाठवतो. वाचणं आणि लिहिणं यांच्या मधल्या काही मिलिसेकंदांत पीएलसीने बिट ५ ऑन केला असेल, तर एचएमआयच्या १ ने तो पुसला गेला. लॅडरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये, तो बिट साध्या आउट कॉइलने चालत असेल तर पुढच्या स्कॅनला (प्रोग्रॅमच्या पुढच्या फेरीला) परत येतो आणि कोणाला कळतही नाही. सेट सूचनेने ऑन केला असेल तर गेला तो गेला. टाकी भरली तरी व्हॉल्व्ह उघडाच. हे कधीतरीच घडतं, म्हणून शोधताना घाम फुटतो.

उपाय सोपा आहे. एचएमआय लिहितो ते वर्ड वेगळे, पीएलसी लिहितो ते वेगळे, आणि दोघांची सरमिसळ कुठेच नाही. बटणांसाठी तर शक्यतो वर्डमधले बिट वापरूच नका, खरे बिट वापरा: मित्सुबिशीत एम, मॉडबस या प्रोटोकॉलमध्ये कॉइल. मॉडबसचं फंक्शन ५ एकच कॉइल लिहितं, आजूबाजूला हात लावत नाही. रजिस्टरमधले ठरावीक बिट बदलणारं फंक्शन २२ ही आहे, पण ते सगळीकडे चालत नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर मॅप बेतू नये.

एका पीएलसीला दोन पॅनेल जोडणार असाल तर दोघांना आदेशांचे स्वतंत्र ब्लॉक द्या आणि पीएलसीत ते एकत्र करा.

बटणाचा प्रकार इथेच ठरवून टाका. टॉगल, म्हणजे एकाच बटणाने ऑन आणि ऑफ, मला आवडत नाही. पॅनेल जुनी वाचलेली स्थिती धरून उलटा आदेश पाठवू शकतो, आणि ऑपरेटरने घाईत दोनदा टेकवलं की काय झालं ते सांगता येत नाही. स्टार्टसाठी एक मोमेंटरी (दाबून धरेपर्यंतच ऑन राहणारं) बटण, स्टॉपसाठी दुसरं, आणि पीएलसीत चढत्या कडेवर, म्हणजे बिट ऑफचा ऑन होतो त्या क्षणी, आदेश पकडायचा. पॅनेलच्या सॉफ्टवेअरमध्ये बटण किमान किती वेळ ऑन राहावं याची सेटिंग असेल तर ती पीएलसीच्या स्कॅन टाइमपेक्षा चांगली मोठी ठेवा, नाहीतर चटकन टेकवलेलं बटण पीएलसीला दिसणारच नाही.

मोमेंटरीचाही एक धोका आहे. बोट बटणावर असताना केबल निसटली तर ऑफचा संदेश पोचतच नाही आणि बिट ऑन अडकून राहतो. म्हणून पॅनेलने दर सेकंदाला एका रजिस्टरमधला आकडा बदलत राहायचं, म्हणजे हार्टबीट. तो आकडा तीन सेकंद हलला नाही तर पीएलसीने आदेशांचे सगळे बिट शून्य करायचे. एका लिहिणाऱ्याच्या नियमाला एवढा एक अपवाद मला मान्य आहे. इमर्जन्सी स्टॉप मात्र पॅनेलवर कधीच नाही. तो हाताने दाबायचा, तारेने जोडलेला, स्वतंत्रच हवा. बोट दाबून ठेवेपर्यंतच चालायची हालचाल, म्हणजे जॉग, हीसुद्धा टच स्क्रीनपेक्षा खऱ्या पुश बटणावर बरी.

पायरी ३: काय टिकायचं, काय पुसलं जायचं

एफएक्स३यूमध्ये मुळातल्या सेटिंगप्रमाणे डी ० ते डी १९९ वीज गेली की शून्य होतात आणि डी २०० च्या पुढचे बॅटरीवर टिकतात. त्यातले डी ५११ पर्यंतचे पॅरामीटरने बदलता येतात, डी ५१२ ते डी ७९९९ कायम टिकतात. एम ० ते एम ४९९ पुसले जातात, एम ५०० पासून पुढचे टिकतात. डी ८००० आणि एम ८००० पासूनचा भाग पीएलसीचा स्वतःचा, तिथे आपल्या किंमती ठेवायच्या नाहीत.

आता स्टार्टचा बिट कोणी एम ६०० वर ठेवला आणि तो ऑन असताना वीज गेली, तर परत आल्यावर तो ऑनच असतो. मोटर आपोआप फिरते ती अशी. आदेश नेहमी पुसल्या जाणाऱ्या भागात, सेटपॉइंट, म्हणजे ऑपरेटरने ठरवून दिलेल्या किंमती, नेहमी टिकणाऱ्या भागात. ऑम्रॉनवाल्यांना हाच फरक डब्ल्यू आणि एच या भागांत दिसेल: डब्ल्यू पुसला जातो, एच टिकतो, डी पण टिकतो.

बॅटरीवर टिकणारी मेमरी बॅटरी संपली की जाते. एफएक्स३यूमध्ये बॅटरी उतरली की एम ८००५ ऑन होतो. तो अलार्मच्या यादीत घ्या. शिवाय टिकणाऱ्या भागात एका रजिस्टरमध्ये ठरावीक खुणेचा आकडा ठेवा. पीएलसी चालू होताना तो आकडा जागेवर नसेल तर मेमरी पुसली गेली असं समजून सेटपॉइंटमध्ये सुरक्षित किंमती भरायच्या आणि ऑपरेटरला तसं दाखवायचं. तापमानाचा सेटपॉइंट शून्य झाला तर फार बिघडत नाही. ढवळण्याची वेळ किंवा वरची मर्यादा शून्य झाली की गोंधळ होतो.

पायरी ४: आता नंबर

आपल्या टाकीचा मॅप असा बसतो:

एम १०० ते एम १३१ – बटणांचे आदेश. एचएमआय लिहितो. पुसला जातो.
डी १०० ते डी १०९ – हार्टबीट, चालू स्क्रीनचा नंबर. एचएमआय लिहितो. पुसला जातो.
डी ११० ते डी १५९ – स्थिती, मोजमापं, अलार्म. पीएलसी लिहितो. पुसला जातो.
डी १००० ते डी १०५९ – सेटपॉइंट. एचएमआय लिहितो. टिकतो.
डी ११०० ते डी ११६३ – आलेली रेसिपी (एका मालासाठीच्या किंमतींचा संच), तपासणीसाठी. एचएमआय लिहितो.
डी १२०० ते डी १२६३ – चालू रेसिपी. पीएलसी लिहितो. टिकते.

डी ११० च्या ब्लॉकमध्ये डी १११ हा टप्प्याचा नंबर, डी ११२ आणि ११३ स्थितीचे बिट, डी १२० ते १३९ मोजमापं, डी १४० ते १४३ अलार्म. चार वर्ड म्हणजे ६४ अलार्म. आज अडतीसच लागत असतील तरी उरलेले तिथेच मोकळे राहू द्या, कारण पुढे व्हॉल्व्ह वाढला की त्याचा अलार्म भलत्याच कोपऱ्यात ठेवावा लागत नाही. प्रत्येक ब्लॉकमध्ये साधारण तिसरा हिस्सा रिकामा ठेवायचा हा माझा ठोकताळा. पीएलसीत हजारो रजिस्टरं असताना काटकसर कशाला?

पीएलसीने हुकूम केला की पॅनेलने स्क्रीन बदलायची, ही सोय बहुतेक पॅनेलांत असते आणि तिला सलग काही वर्ड द्यावे लागतात. पॅनेल वाचतो तो भाग पीएलसीच्या ब्लॉकमध्ये, पॅनेल लिहितो तो त्याच्या ब्लॉकमध्ये. नेमके किती वर्ड ते मॅन्युअल उघडून बघा. अंदाजाने दोन दिले आणि पॅनेलने आठ वापरले, तर शेजारचे सहा वर्ड पॅनेल तुमच्या नकळत वापरणार.

पायरी ५: नंबरांमधले खड्डे

मॉडबसमध्ये ४०००१ हा कागदावरचा नंबर, तारेवरून जातो तो ०. काही पॅनेल सॉफ्टवेअर पहिला मागतात, काही दुसरा. एकाचा फरक पडला की सगळ्या किंमती शेजाऱ्याच्या दिसतात, आणि शेजारचं तापमानही पटण्यासारखंच असेल तर कोणाला संशय येत नाही. डेल्टाच्या डीव्हीपी पीएलसीत डी ० चा मॉडबस ॲड्रेस हेक्समध्ये १००० आहे, म्हणजे दशमानात ४०९६, आणि कागदावर ४०४०९७. डी १०० हवा तर त्यात १०० मिळवा: ४०४१९७. शीटमध्ये याचा वेगळा रकाना करून सूत्र टाकून द्या, तोंडी बेरीज नको.

एफएक्स आणि डीव्हीपीमध्ये एक्स आणि वाय अष्टमानात मोजतात. एक्स ७ नंतर एक्स १०. एक्स ८ नावाचा इनपुट नसतोच.

सीमेन्समध्ये मेमरी बाइटने मोजतात. एमडब्ल्यू १० म्हणजे एमबी १० आणि ११, एमडब्ल्यू ११ म्हणजे एमबी ११ आणि १२. दोन्ही वापरले की एक बाइट सामायिक झाला. वर्ड दोन-दोनच्या, ३२ बिट चार-चारच्या उड्यांनी द्या. एस७-१२०० आणि १५०० ला दुसऱ्या कंपनीचा पॅनेल नंबराने जोडायचा असेल तर त्या डीबीचा (डेटा ब्लॉकचा) ऑप्टिमाइझ्ड ॲक्सेस काढावा लागतो, कारण तो असताना टॅगला ठरलेली जागाच नसते. आणि सीपीयूच्या सेटिंगमध्ये पुट-गेटची, म्हणजे बाहेरून मेमरी वाचण्या-लिहिण्याची, परवानगी द्यावी लागते. रॉकवेलच्या लॉजिक्स कंट्रोलरमध्ये टॅगला एक्स्टर्नल ॲक्सेस असतो. पॅनेलने फक्त वाचायचे टॅग तिथे रीड ओन्ली करून टाकले की पायरी २ चा नियम कंट्रोलरच पाळून घेतो. फार चांगली सोय आहे, वापरणारे थोडे.

३२ बिटच्या किंमतीला दोन रजिस्टरं लागतात. कोणतं आधी, यावर प्रत्येक कंपनीचं मत वेगळं. तपासायला १ किंवा १०० असला सोपा आकडा घेऊ नका. त्यांचा अर्धा भाग शून्य असतो आणि उलटा वाचला की पडद्यावर निमूट ०.०० दिसतो, त्यावरून बिघाड कुठे तेच कळत नाही. फ्लोटसाठी (दशांशाच्या ३२ बिट आकड्यासाठी) १२३.४५६ घ्या. त्याचा वरचा वर्ड १७१४२ आणि खालचा ५९७६९. पॅनेलवर तीच दोन रजिस्टरं साध्या चिन्हविरहित १६ बिटमध्ये दाखवली की कोण आधी आहे ते लगेच दिसतं. अक्षरांचं तसंच, एका रजिस्टरमध्ये दोन अक्षरं मावतात आणि "पंप"च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये जोड्या उलट्या दिसल्या तर बाइटची अदलाबदल करायची आहे असं समजा.

तापमानाला फ्लोट लागतोच असं नाही. २३.५ अंश हे २३५ म्हणून १६ बिटमध्ये ठेवा आणि पॅनेलवर दशांश एक दाखवा. दशांशाची जागा शीटमध्ये लिहिलेली हवी, नाहीतर एका स्क्रीनवर २३.५ आणि दुसऱ्या स्क्रीनवर २३५.

पायरी ६: तारेवरचा हिशेब

मॉडबस आरटीयू (सीरियल तारेवरचा मॉडबस), ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), पॅरिटीसह एक अक्षर ११ बिटांचं. म्हणजे एका अक्षराला साधारण १.१५ मिलिसेकंद. एक रजिस्टर वाचायला ८ अक्षरांची मागणी, ७ अक्षरांचं उत्तर, आणि दोन संदेशांभोवती साडेतीन-साडेतीन अक्षरांची शांतता: एकूण २२ अक्षरं, २५ मिलिसेकंद. पीएलसीला उत्तर द्यायला लागणारा वेळ याशिवाय. विखुरलेली ६० रजिस्टरं एकेक करून वाचली तर दीड सेकंद. तीच ६० सलग असतील तर मागणी एकच, १४० अक्षरं, १६० मिलिसेकंद. स्क्रीन सुस्त असण्याचं कारण पुष्कळदा प्रोसेसर नसतो, हा विखुरलेला मॅप असतो.

मॉडबसमध्ये एका मागणीत जास्तीत जास्त १२५ रजिस्टरं वाचता येतात, म्हणून कोणताही ब्लॉक त्याच्या आत ठेवा. आपला डी १०० ते डी १५९ बरोबर ६० चा आहे. बॉड रेट वाढवून फरक पडतो, पण पीएलसीचा उत्तराचा वेळ बॉड रेटने कमी होत नाही. त्यामुळे मागण्यांची संख्या घटवणं आधी.

चालू स्क्रीनवरचे टॅगच पॅनेल वाचतो असं धरून चालू नका. अलार्म, ट्रेंड आणि मॅक्रो (पॅनेलमधले छोटे प्रोग्रॅम) चालवणारे बिट कोणतीही स्क्रीन उघडी असली तरी वाचले जातात. ते एका जागी असले म्हणजे झालं. वाचण्याचा वेगही सगळ्यांना सारखा नको. टाकीचं तापमान सेकंदाला एकदा वाचलं तरी पुरतं, रेसिपीचं नाव स्क्रीन उघडताना एकदा.

पायरी ७: पॅनेलची स्वतःची मेमरी

पॅनेलमध्ये अंतर्गत रजिस्टरं असतात. वीनटेकमध्ये एलबी, एलडब्ल्यू आणि टिकणारे आरडब्ल्यू, डेल्टात डॉलरच्या खुणेचे, मित्सुबिशीच्या गॉटमध्ये जीबी आणि जीडी. वीनटेकमध्ये ९००० ते ९९९९ चे एलबी आणि एलडब्ल्यू सिस्टीमचे आहेत, तिथे आपलं काही ठेवायचं नाही. इतरांकडेही असे राखीव पट्टे असतात.

तिथे काय ठेवायचं? उघडा पॉपअप, निवडलेली भाषा, रेसिपीच्या यादीतली निवडलेली ओळ, म्हणजे पॅनेल जळून नवा बसवला तर ज्यावाचून काही अडत नाही ते. सेटपॉइंट पीएलसीतच. पॅनेल चालू होताना चालणाऱ्या मॅक्रोंवर खास नजर ठेवा. "सुरुवातीची किंमत ०" असं भरून ठेवलेला मॅक्रो पीएलसीतले चांगले सेटपॉइंट एका झटक्यात पुसतो.

प्रोजेक्टच्या मेमरीत सगळ्यात जागा चित्रं खातात. ८०० बाय ४८० चं पूर्ण स्क्रीनचं चित्र १६ बिट रंगात, दाबून लहान केलं नाही तर, ७,६८,००० बाइट होतं. एकच पार्श्वभूमी सगळ्या स्क्रीनला मूळ स्क्रीन म्हणून लावा, दहा प्रती नको.

नोंदींचा हिशेब आधीच करा. आठ चॅनेल, प्रत्येकी २ बाइट, वेळेची नोंद ४ बाइट धरली तर एका नोंदीला २० बाइट. दर सेकंदाला नोंद म्हणजे दिवसाला १७,२८,००० बाइट, ३० दिवसांना सुमारे ५२ एमबी. दर दहा सेकंदांनी केली तर ५.२ एमबी. गरम व्हायला अर्धा तास घेणाऱ्या टाकीला दहा सेकंद भरपूर झाले. अंतर्गत फ्लॅशवर दर सेकंदाला लिहू नका, फ्लॅशला लिहिण्याची मर्यादा असते. आधी रॅममध्ये गोळा करून मग एकगठ्ठा कार्डवर टाका.

पायरी ८: रेसिपी

एका रेसिपीत ४० पॅरामीटर आणि १६ अक्षरांचं नाव धरलं तर ४८ वर्ड. जागा ६४ ची द्या. ५० रेसिपींना ३२०० वर्ड. अमुक रेसिपीचा पत्ता काढायला सुरुवातीचा ॲड्रेस अधिक नंबर गुणिले ६४ (पहिल्या रेसिपीचा नंबर शून्य), एवढंच सूत्र. ४८ ने बेतलं आणि पुढे एक पॅरामीटर वाढला तर पन्नासच्या पन्नास रेसिपी सरकवाव्या लागतात.

पॅनेलने रेसिपी थेट चालू किंमतींवर लिहायची नाही. ६४ वर्ड एका दमात पोचतीलच याची खात्री नाही, आणि अर्धी जुनी अर्धी नवी रेसिपी घेऊन हीटर चालू राहणं फार वाईट. पॅनेल डी ११०० च्या ब्लॉकमध्ये लिहितो, मग विनंतीचा बिट ऑन करतो. पीएलसी मर्यादा तपासतो, बॅच चालू नाही ना ते पाहतो, एकाच स्कॅनमध्ये डी १२०० वर कॉपी करतो आणि "घेतली" किंवा "नाकारली" असं उत्तर स्वतःच्या ब्लॉकमध्ये देतो. उत्तर दिसलं की पॅनेल विनंतीचा बिट काढतो. मर्यादा पॅनेलच्या कीपॅडवर घातलेल्या असल्या तरी पीएलसीत पुन्हा तपासायच्याच, कारण जुनी रेसिपी कार्डवरून आली की कीपॅड मध्ये येतच नाही.

पायरी ९: तपासणी आणि आवृत्ती

स्क्रीन काढायच्या आधी पॅनेलवर एकच तपासणीची स्क्रीन करा आणि प्रत्येक ब्लॉकचा पहिला आणि शेवटचा ॲड्रेस तिच्यावर दाखवा. पीएलसीत त्या जागी वेगवेगळे ओळखू येणारे आकडे भरा: डी ११० मध्ये ११०, डी १५९ मध्ये १५९. पडद्यावर १११ दिसला तर एकाचा फरक आहे हे लगेच कळतं. एक उणे आकडा आणि एक ३२,७६७ च्या वरचाही बघा, म्हणजे चिन्हासह वाचतोय की चिन्हाविना ते उघड होईल. मग केबल काढा. आदेशांचे बिट तीन सेकंदांत शून्य होतात का, पडद्यावर जुने आकडे तसेच राहतात की संपर्क तुटल्याची खूण येते, ते बघा. पीएलसीची वीज घालवून परत आणा आणि टिकणारा-पुसला जाणारा रकाना शीटशी ताडून घ्या.

तपासणी संपली की डी ११० वर मॅपची आवृत्ती ठेवा. शीटमध्ये एकही ॲड्रेस हलला की आकडा एकने वाढवायचा, पीएलसीत आणि पॅनेलमध्ये दोन्हीकडे. पॅनेल चालू होताना डी ११० वाचतो, स्वतःकडच्या आकड्याशी जुळवतो, आणि जुळला नाही तर आदेशांची बटणं बंद ठेवून "पॅनेल आणि पीएलसीचे प्रोग्रॅम वेगळ्या आवृत्तीचे आहेत" एवढंच दाखवतो. रात्रपाळीत कोणी जुना बॅकअप डाउनलोड केला तर ते पहिल्या मिनिटाला कळतं, बॅच बिघडल्यावर नाही.